पेंढ्याचे वासरू

पूर्वी अंबावती नगरीत क्षेमंकर नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या न्यायासनावर होता. त्याला दोन गोष्टींची भारी आवड होती, एक प्रश्न विचारण्याची आणि दुसरी खिरीची. प्रश्न तो इतके विचारी की, चोर शिक्षेला भिऊन नव्हे तर उत्तरे देऊन देऊन दमल्यामुळे गुन्हा कबूल करतात, असे लोक गमतीने म्हणत. खिरीबद्दल मात्र त्याने कधी काही विचारले नव्हते. वाटी पुढे आली की तो ती संपवी.

अंबावतीला स्वतःचा फार अभिमान होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. क्षेमंकराने राज्यावर येताच पशुहत्या बंद केली होती. खाटकांना त्याने कसायला जमिनी दिल्या. पारध्यांची जाळी वेलभाज्यांच्या मांडवांवर चढली. वेशीत एक शिळा उभी करून राजाने तिच्यावर कोरून घेतले, ‘या नगरीत कुणाचाही जीव घेतला जात नाही.’ येणारे-जाणारे ती वाचून हात जोडत. मांस गेले आणि त्याच्या जागी दूध आले. सकाळी दूध, दुपारी दही आणि सणाला खीर. आणि खाणाऱ्याला खीर हवी असली की सण सापडतोच.

एके दिवशी भद्रिल नावाचा सुगंधी तेलांचा व्यापारी आपली बायको सोणा हिला घेऊन न्यायसभेत आला. तो अगदी रडकुंडीला आला होता.

“आर्य, हिला काहीतरी सांगा,” तो म्हणाला. “हिनं दूध सोडलं, दही सोडलं, तूप सोडलं. म्हटलं, सोडू दे, बायकांची व्रतं असतात. पण पाणवठ्यावर कुणीतरी कारण विचारलं आणि ही सगळ्यांदेखत म्हणाली, वेशीतली शिळा खोटं बोलते!”

सभेत कुजबुज झाली. शिळेला खोटे म्हणणाऱ्याने नगरी सोडावी आणि पुन्हा वेशीच्या आत पाऊल टाकू नये, अशी राजाज्ञा होती. पाणवठ्यावरचे बोलणे राजवाड्यातही पोहोचले होते. आता ते पोहोचायला किती वेळ लागतो, हे सांगायला नको.

“तुला हिला घालवायचं आहे का?” बोधिसत्त्वाने भद्रिलाला विचारले.

“छे हो! हिला नाही, हिचा हट्ट घालवायचा आहे. ‘चुकले’ एवढा एक शब्द म्हण, असं केव्हाचा सांगतोय. पण ही म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. हिला बाहेर काढलं तर मी काय करू, आर्य? मागे म्हातारी आई आहे, दुकान आहे.”

बोधिसत्त्व सोणाकडे वळला. “तू काय पाहिलंस?”

सोणा हळू आवाजात बोलू लागली, पण अडखळली नाही. “वसुबारसेला मी राजाच्या गोठ्यात पूजेला गेले होते. सवत्स गाय पुजायची म्हणून एक गाय निवडली. वासरू तिच्यापुढेच उभं होतं आणि गाय त्याला चाटत होती. मी गाईच्या पायांवर पाणी घातलं, दोघांना कुंकू लावलं. वासरापुढे घास धरला, तर ते तोंड उघडेना. म्हटलं, लाजतंय. मग गळ्यात घुंगरू बांधलं. गाय चाटायची तेव्हा ते सगळंच्या सगळं डुलायचं, पण मान काही हलवायचं नाही. म्हणून मी पोटावर हात ठेवला. आत पेंढा होता, आर्य.”

कुणीतरी हसले. मग कुणीच हसले नाही.

“वसुबारसेला आपण दूध-तूप का खात नाही?” बोधिसत्त्वाने मध्येच विचारले. ही त्याची खोडच होती.

“त्या दिवशी ते वासराचं असतं म्हणून,” भद्रिल म्हणाला. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, असा त्याचा चेहरा होता.

“आणि दुसऱ्या दिवशी कुणाचं असतं?”

बोधिसत्त्वाला स्वतःलाही उत्तर माहीत नव्हते. इतकी वर्षे आपण हा प्रश्न विचारला कसा नाही, याचे त्याला नवल वाटले आणि मनातून थोडी लाजही वाटली. “मी गोठा पाहून येतो, मग बोलू,” असे म्हणून त्याने सभा उठवली. बाहेर पडताना सभेतला एक वृद्ध त्याला हळूच म्हणाला, “आर्य, उगाच खाजवून खरूज कशाला काढता?” बोधिसत्त्व म्हणाला, “खाज सुटली आहे खरी,” आणि चालू लागला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो राजाच्या गोठ्यात गेला. गोठ्याचा मुख्य गवळी तिंबरू हा मोकळ्या मनाचा माणूस होता. त्याने काही लपवले नाही, कारण लपवण्यासारखे काही आहे असे त्याला कधी वाटलेच नव्हते. पेंढा भरलेले वासरू त्याने काखेत मारून आणले आणि एका तांबड्या गाईपुढे उभे केले. गाय ते हुंगून चाटू लागली. थोड्याच वेळात तिला पान्हा फुटला आणि तिंबरू धार काढायला बसला.

“हे मेलं कशानं?” बोधिसत्त्वाने विचारले.

“मेलं आपलं आपण.”

“आजारी होतं?”

“न्हाई ओ. उपाशी व्हतं. एका कासंवर राजवाडा जगवायचा का वासरू? कालवड झाली तर पाजतो थोडं, म्होरं ती दूध देती. पर गोऱ्हे काय करायचे येवढे? नांगराला लागत्यात तेवढे ठेवायचे. बाकीचे मागं बांधून ठेवतो.”

“मारत नाही?”

तिंबरूने कानाला हात लावला. “आवो, काय बोलता! शिळा हाय न्हवं वेशीत? आमी अंगाला बोट लावत न्हाई. मरतंय ते मरतंय.”

बोधिसत्त्व गाईजवळ उकिडवा बसला. वासराचा एक कान चाटून चाटून झिजला होता आणि त्यातून पेंढ्याची काडी बाहेर आली होती. “हिला कळत नाही का रे हे?”

“कळतंय की. पयल्या दिशी लई हंबरती, मागं सरती, लाथ झाडती. मग कातड्याला मिठाचं पाणी लावायचं. मिठापायी चाटती, आन चाटलं की पान्हा येतोय. तिला कळतंय ओ. पान्ह्याला कळत न्हाई.”

बोधिसत्त्वाने त्या कातड्यावर बोट फिरवून जिभेला लावले. ते खारट होते. त्याला फार वाईट वाटले. तिंबरूचा राग आला नाही, कारण तिंबरू रोज ज्यांच्यासाठी धार काढत होता, त्यांच्यात आपणही आहोत हे त्याला स्पष्ट दिसत होते. घरी गेल्यावर त्याच्यापुढे नेहमीप्रमाणे खीर आली. त्याला भूक होती आणि खिरीचा वासही चांगला येत होता. त्याने वाटी दूर सारली आणि भाकरी मागितली.

पुढच्या सभेला राजा स्वतः आला. क्षेमंकर दुष्ट नव्हता, पण आयुष्यात केलेले सर्वांत चांगले काम कुणी खोटे ठरवू लागले की भल्या माणसालाही राग येतो. बोधिसत्त्वाने जे पाहिले ते सांगितले. राजा ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत होता.

“मांस सोडा म्हणालो, तेव्हा लोकांनी मला वेड्यात काढलं,” राजा म्हणाला. “खायचं काय, असं विचारलं. मी म्हणालो, दूध आहे ना! आता त्याच तोंडानं दूधही सोडा म्हणू? आज तुम्ही गाईचं काढलंत, उद्या म्हणाल झाडालाही जीव आहे!”

“म्हणेन कदाचित, महाराज. तो दिवस आला की त्याचं बघू. आज गाईचं चाललं आहे.”

“आणि आजारी माणसं? म्हातारे? आई नसलेली पोरं? त्यांच्या तोंडचं दूध काढून घेऊ?”

“मी कुणाच्याच तोंडचं काढून घ्या म्हणत नाही. वासराच्या तोंडचं कुणी काढलं, एवढंच विचारतो आहे.”

राजाने सोणाकडे बोट दाखवले. “हिला विचारा, सगळ्या नगरीनं दूध सोडावं असं हिला वाटतं का?”

“नाही, महाराज,” सोणा म्हणाली. “मी माझ्यापुरतं सोडलं. खाली उतरेना म्हणून सोडलं. पाणवठ्यावर विचारलं म्हणून पाणवठ्यावर सांगितलं.”

“मग चुकले म्हण, आणि घरी जा. मी विसरून जाईन.”

भद्रिलाने हात जोडून बायकोकडे पाहिले. सोणाच्या डोळ्यांत पाणी आले. तिला घर सोडायचे नव्हते. सासूला संध्याकाळी दिसत नाही, तिला हात धरून कोण नेईल, हेच तिच्या मनात घोळत होते. तरी ती म्हणाली, “शिळेला वाईट बोलले ते चुकले. पण पेंढा होता, महाराज. पेंढा नव्हता असं कसं म्हणू?”

“तर मग आज्ञेप्रमाणे निवाडा द्या,” राजा बोधिसत्त्वाला म्हणाला. “जो देणार नाही, त्यालाही वेस मोकळी आहे.”

बोधिसत्त्वाने थोडा विचार केला. “महाराज, शिळा आपल्या नावाची आहे. ती खरी की खोटी, हे दुसऱ्यानं कसं ठरवावं? उद्या सकाळी आपण स्वतः त्या गाईची धार काढा. दुसऱ्यानं काढलेली चालणार नाही. दूध निघालं की ते प्या. प्यायल्यावर ही बाई दोषी असं आपल्याला वाटलं, तर तिच्यासोबत मीही वेशीबाहेर जाईन. माझं आसन तेव्हाच रिकामं समजा.”

असला निवाडा कुणी कधी ऐकला नव्हता. पण राजा शब्दाचा पक्का होता, आणि खरे तर त्यालाही आता उत्सुकता लागली होती.

सकाळी गोठ्यात हीऽ गर्दी झाली. राजा गुडघ्यांत भांडे धरून बसला. “अंगठा आत घ्या, म्हाराज,” तिंबरू शिकवू लागला, “वढू नका, दाबा.” पहिल्यांदा काहीच आले नाही, दुसऱ्यांदा राजाच्या तोंडावर उडाले. लोक हसले, राजाही हसला. मग तिंबरूने ते वासरू आणून ठेवले आणि गाय चाटू लागली. धार काढणाऱ्याचे डोके गाईच्या कुशीला टेकलेले असते. गाय इतक्या हळू आवाजात हंबरली की ते बाहेर कुणाला ऐकू आले नाही. राजाला मात्र आले. गाई आपल्या वासराशीच त्या आवाजात बोलतात. राजाची बोटे थांबली. दूध मात्र थांबले नाही, ते आपोआप ठिबकत राहिले.

भांडे घेऊन राजा उठला. ते तोंडाजवळ नेले, पण त्याला पिववेना. मग त्याने ते भद्रिलापुढे धरले. “तू तक्रार केलीस. तू पी.”

भद्रिल तुपावाचून एक घास न खाणारा माणूस. त्याने भांडे घेतले. सोणाने मुद्दाम दुसरीकडे मान वळवली, आपल्या नजरेने नवऱ्याला शरमल्यासारखे होऊ नये म्हणून. भद्रिलाच्या ते लक्षात आले. त्याने भांडे खाली ठेवले आणि म्हणाला, “आज नको.”

राजाने तिंबरूला विचारले, “मागे बांधलेली कुठे आहेत?”

तिंबरूने एक गोऱ्हा आणला. त्याला धड उभे राहता येत नव्हते. गाईने त्याला हुंगले आणि ती बाजूला झाली, कारण तो तिचा नव्हता. तेव्हा क्षेमंकर राजा शेणात गुडघे टेकून बसला, दुधात बोटे बुडवून ती त्याने गोऱ्ह्याच्या तोंडात घातली, आणि भांडे रिकामे होईपर्यंत तो त्याला पाजत राहिला.

सोणा नगरीतच राहिली आणि बोधिसत्त्व आसनावर. पेंढ्याची वासरे राजाने पुरून टाकली, आणि वासरू पोटभर प्याल्यावाचून भांडे लावायचे नाही, गोऱ्हाही उपाशी बांधायचा नाही, असा नियम घातला. दूध पुष्कळ कमी झाले. उरलेले आधी आजाऱ्यांना आणि पोरांना जाई. काहींनी दूध साफ सोडले, काहींनी सोडले नाही, आणि पाणवठ्यावर त्यावरून जे वाद पेटले ते विचारू नका. शिळा राजाने काढली नाही. फक्त जुनी अक्षरे तासून नवी कोरून घेतली, ‘या नगरीत कुणाचा जीव जाऊ नये, अशी आमची खटपट चालू आहे.’

त्या सकाळी गोठ्यातून घरी जाताना भद्रिल बायकोला म्हणाला, “अगं, मी अजून तूप सोडलेलं नाही हं.”

“सोडा असं मी कुठं म्हणते? पण मी वाढणार नाही, अहो.”

“मी वाढून घेईन,” भद्रिल म्हणाला. काही दिवस त्याने तसे घेतलेही. मग हळूहळू घ्यायचे विसरू लागला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, विहारात सांगितली, ती एका वाटीभर दह्यावरून. गावातल्या एका म्हाताऱ्या उपासिकेने भिक्षेत दही वाढले होते. कुंडल भिक्षूने ते घेतले. दही वासराच्या तोंडचे म्हणून सुप्रिय भिक्षूने पात्र मागे ओढले आणि दिवसभर तो कुंडलाला टोचून बोलत राहिला. कथा संपवून शास्ते म्हणाले, “तेव्हाचा क्षेमंकर राजा म्हणजे आजचा कुंडल. तिंबरू म्हणजे आपल्या विहाराचा द्वारपाल. सोणा म्हणजे ती दही वाढणारी उपासिका. तिच्या दारची एकुलती गाय आधी वासराला पाजते. सुप्रिया, हे तू तिला विचारलं नाहीस. तुपावाचून ज्याचा घास उतरत नव्हता तो भद्रिल, तो तू होतास. आणि न्यायाधीश मी होतो. त्या जन्मी मी प्रज्ञापारमिता, म्हणजे जाणतेपणाची पूर्णता, वाढवली. करुणा मनात होतीच. कमी होतं ते विचारणं आणि स्वतः जाऊन पाहणं.”

सुप्रियाने मान खाली घातली. कुंडलाने विचारले, “भंते, आणि ते पेंढा भरलेलं वासरू? ते आज कोण आहे?”

“नगरीत आम्ही इतकी माणसं होतो,” शास्ते म्हणाले. “ते वासरू कोण, हे तेव्हा एकानंही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.”