प्लॉटधारकांची सभा

“पण बुवा, गाव आमचं असताना नियम राजधानीत बसून कुणी का करावा?”

अच्युतराव गुळवणींनी हे विचारलं तेव्हा ते अजून मठाच्या पायरीवरच होते. चपलाही काढल्या नव्हत्या.

निरंजनबुवा सूप घेऊन तांदूळ निवडत होते. “आत ये, अच्युता. काय झालं?”

गुळवणी कित्येक वर्षं नगरपालिकेच्या नियोजन समितीचे अध्यक्ष होते. शांतिवन कॉलनीचा नियम त्यांच्याच हातचा : एका प्लॉटवर एकच बंगला. त्या नियमाचा त्यांना पोटच्या पोरासारखा अभिमान, आणि तो लपवावा असं त्यांना कधी वाटलं नाही. आता राज्याने नवा कायदा केला होता. कॉलनीतल्या कुठल्याही प्लॉटवर चार मजले चढवता येणार होते, आणि नगरपालिकेला नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

“शेजारचा प्लॉट बिल्डरकडे गेला, बुवा. सोळा घरं होणार तिथे. आमच्या अगदी पूर्वेला.”

“इंदूची गॅलरी त्याच बाजूला ना?”

“हो...” बायकोचं नाव निघताच गुळवणींचा आवाज उतरला. “अंगाची एक बाजू गेल्यापासून सकाळचं ऊन तेवढं राहिलंय तिला. तेही जाईल.”

बुवांचे हात थांबले.

“जाईल खरं. फार वाईट वाटतं मला.”

ते वाईट वाटणं खरं होतं. खोटं सांत्वन बुवांना जमत नसे.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “रात्री तिच्याजवळ कोण असतं?”

“मीच. सांभाळणारी बाई सहाच्या एसटीने जाते. परवा इंदू पलंगावरून पडली. मला एकट्याला उचलेना. उजाडेपर्यंत दोघं तशीच जमिनीवर बसून होतो.”

“बाई इतक्या लवकर का जाते?”

“लांब राहते ती. घरी लेकरं आहेत.”

“मग जवळ का राहत नाही?”

“शांतिवनात? तिला परवडेल असं घर इथे आहे कुठे...”

वाक्य तोंडातून गेलं आणि आपण काय बोललो ते गुळवणींना कळलं.

पण इतक्यात माघार घेणारा हा माणूस नव्हे. “त्या सोळा घरांत तीच येईल कशावरून? बिल्डर काय तिच्यासाठी बांधतोय?”

“कशावरूनच नाही,” बुवा म्हणाले.

“मग? निदान आम्हाला विचारायला तर हवं होतं! इथे आम्ही राहतो.”

“हवं होतं. तू नियम केलास तेव्हा कुणाला विचारलंस?”

“सगळ्यांना! एकूण एक प्लॉटधारकाला.”

बुवांनी एक खडा उचलून बाजूला टाकला.

गुळवणी पुढे सरकले. ज्या कामासाठी आले होते ते आता निघालं. “उद्या कॉलनीची सभा आहे. तुम्ही या. तुमचा शब्द खाली पडणार नाही. एवढंच म्हणा, की कॉलनी आहे तशी राहू दे.”

“सभेत बोलायचं कुणी?”

“प्लॉटधारकांनी. दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही आम्ही. तसा ठरावच आहे.”

“माझा प्लॉट कुठला रे?”

गुळवणी बाहेर ओढ्याकडे पाहत राहिले. मठ ओढ्याच्या काठावर होता. त्यांनीच मंजूर केलेल्या नकाशात ही सारी जमीन हरित पट्टा होती, आणि तिथे कुणी राहायचं नाही हा नियमही त्यांचाच. नकाशात मठ नव्हता. बुवा नव्हते. इतकी वर्षं दर गुरुवारी गुळवणी इथे येऊन बसत होते, आणि ही गोष्ट त्यांच्या ध्यानातही आली नव्हती.

“तुमचं वेगळं आहे, बुवा,” ते घाईघाईने म्हणाले. “ठरावाचं काय, तो ठेवू बाजूला. तुम्ही का कुणी परके आहात? तुम्ही आमचेच!”

बुवांनी सूप खाली ठेवलं.

“आमचेच,” मग ते म्हणाले. “मला आपलं म्हणायला किती फूट जागा लागली, अच्युता?”