चिचुंद्रीचा निवाडा

फार पूर्वी एका रानात तळ्याचा पाटील दरवर्षी मतं घेऊन निवडला जाई. न्यायाच्या खडकावर मात्र आजवर शिंगवालेच बसत आले होते. त्या साली पहिल्यांदाच तिथे एका चिचुंद्रीची नेमणूक झाली. सगळ्यांनी तिचा सत्कार केला आणि नाक दाबून भाषणंही केली.

दुसऱ्याच दिवशी गोगलगायी तक्रार घेऊन आल्या. पाटील असलेल्या रानडुकराने नवा नियम काढला होता. ज्याच्या पावलाचा ठसा काठच्या चिखलात उमटेल, त्यालाच मत. गोगलगायी आणि साप यादीतून गेले होते.

“लबाडी थांबवायला केलंय, बाईसाहेब,” डुक्कर म्हणाला. “ठसा तसा तुमचाही उमटत नाही. पण तुम्ही आता न्यायाधीश. तुम्हाला सूट देऊ.”

चिचुंद्रीला आपली आई आठवली. ती जन्मभर याच काठाला राहिली, पण तिला कधी कुणी काही विचारलं नव्हतं.

“सूट नको,” ती म्हणाली. “या तळ्याचं पाणी कोण पितं?”

“सगळेच.”

“मग मतही सगळेच देतील. नियम रद्द.”

मतदान आठ दिवसांवर होतं, म्हणून गोगलगायी मतदानाच्या जागेकडे लगेच निघाल्या.

सकाळी डुक्कर दुसरा नियम घेऊन हजर झाला. आता मत पलीकडच्या टेकडीच्या माथ्यावर जाऊन द्यायचं होतं. चिचुंद्रीने तो शांतपणे ऐकून घेतला आणि गोगलगायींना निरोप धाडला, “तुम्ही चालत राहा. इथलं मी बघते.”