कोंडाईची मूठ

फार फार मागे, बोरखळीच्या मळ्यामळ्यांत भेंडी पिकायची, तेव्हाची ही गोष्ट. ऐकताना राग आला तर येऊ द्या. ही गोष्ट रागावूनच ऐकायची असते.

बोरखळीत कोंडाई नावाची माळीण होती. एका साली गावातल्या भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या. मग पानं पिवळी, मग शेंगा पिवळ्या. या रोगाला लोक केवडा म्हणत. आता नाव केवडा, म्हणून गावच्या शहाण्यांनी ठरवलं, की देवी मळ्यात आली आणि तिनं केवडा माळला! रोगट झाडं उपटायची सोडून लोक त्यांना हळदकुंकू वाहू लागले. पांढऱ्या माशीचं चांगलंच फावलं. ती या झाडाचा रस प्यायची, उडून त्या झाडावर बसायची, आणि रोग गावभर हिंडायचा.

कोंडाईला हे बघवेना. तिच्या बांधावर रानभेंडी होती, कुसळांनी भरलेली, कुणी तोंडात न घालणारी. माशी तिच्यावरही बसायची, तिलाही टोचायची. पण ती हिरवी ती हिरवीच. कोंडाईनं ओळखलं, रोग हिच्याही दारात येतो, पण हिच्या दाराला आतून कडी आहे. आणि ही कडी रक्तातली आहे, आईकडून लेकीला जाणारी.

मग तिनं रानभेंडीचं फूल खुडून घरच्या भेंडीच्या फुलावर घासलं आणि त्या शेंगेचं बी पेरलं. पहिली लेकरं हिरवी राहिली, पण सगळी कुसळी. ती हटली नाही. आजीचं नाक एखाद्याच नातवंडाला मिळतं ना, तसं पुढच्या पिढीत एखादंच झाड रानातल्या आजीची कडी आणि घरच्या आजीची कोवळी शेंग, दोन्ही घेऊन आलं. तेवढं तिनं राखलं, बाकीची उपटली. असं तिनं बारा वर्षं केलं म्हणतात. तेराव्या वर्षी सगळ्या पिवळ्या गावात तिचा एक वाफा हिरवागार उभा राहिला.

गावानं तिला डोक्यावर घ्यायला हवं होतं. घेतलं का? छे! चावडी भरली आणि पाटलानं निवाडा केला, "देवी समद्यांच्या मळ्यात आली. हिच्या झाडांनी तिला पाठ दावली. उपटा!"

"पिवळी पडली तुमची, अन् उपटता माझी?" कोंडाई कडाडली. "ह्यो कुठला न्याय, पाटील? का उपटताय, येवढं तरी सांगा!"

सांगायच्या आधीच गावकरी तिच्या वाफ्यात घुसले. बारा वर्षांचे कष्ट त्यांनी घटकाभरात उपटले आणि शिवेवर नेऊन पेटवले. ज्यांच्या पोरांनी त्या साली तिच्याच वाफ्यातली भाजी खाल्ली, तेच पुढं होते. लाज म्हणून कुणाला वाटली नाही. असं म्हणतात, कोंडाई त्या जाळात शिरली आणि एक वाळकी शेंग मुठीत धरून बाहेर आली. ती मूठ तिनं पुढं कित्येक महिने उघडलीच नाही. डाव्या हातानं जेवली, डाव्या हातानं खुरपलं. आणि असं म्हणतात, मृग लागला तेव्हा तिच्या भाजलेल्या बोटांच्या फटीतून एक हिरवा कोंब वर आला.

तोवर गावात बियाला ठेवायलाही शेंग उरली नव्हती. तेव्हा हेच लोक तिच्या दारात आले, पाटील सगळ्यांच्या पुढं.

"बी पायजे? आधी सांगा, का उपटली?" कोंडाईनं विचारलं.

पाटलानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. कोंडाईनं बी दिलं. माफ केलं म्हणून नव्हे, भेंडीचा काय गुन्हा म्हणून. असं म्हणतात, ती मूठ उघडली आणि गावाच्या ओंजळी भरल्या, तरी बी सरलं नाही. "देवी पिवळ्यात न्हाई," ती म्हणाली, "पिवळं दिसलं की उपटायचं."

आजही बोरखळीत भेंडीचं बी मापानं देत नाहीत, बंद मुठीतून देतात. देणारी बाई आधी विचारते, "का उपटली?" घेणारा, मग तो पाटलाच्या घरचा असला तरी, टोपी काढून म्हणतो, "अक्कल पिवळी पडली होती, बाई." हे मोठ्यानं म्हणावं लागतं. कुणी नुसतं पुटपुटला तर मूठ उघडत नाही.