उणे तीनचे खळगे

टोळे गुरुजींचं गणित म्हणजे पाढे आणि छडी. शेजारच्या वर्गात मात्र नव्याने आलेल्या यमुनाबाई चिंचोके, बांगड्या, भाकरीचे तुकडे घेऊन गणित शिकवत. भिंतीपलीकडे पोरं खिदळली की इकडे गुरुजींच्या पोटात दुखे.

एकदा तपासणीला आलेले साहेब बाईंच्याच वर्गात रमले. गुरुजींना राहवेना. ते तिथे जाऊन म्हणाले, "साहेब, हा नुसता पोरखेळ आहे. बाई, उणे तीन चिंचोके दाखवा बघू! नसलेली वस्तू कुठून आणाल?"

बाईंनी सगळ्यांना अंगणात नेलं आणि मातीत चिंचोक्याएवढे तीन खळगे केले. "मुलांनो, हे उणे तीन. यात पाच चिंचोके मिळवा."

मुलांनी एकेका खळग्यात एकेक चिंचोका टाकला. तिन्ही खळगे भरले. "बाई, दोन उरले!"

साहेबांनी मान डोलावली. गुरुजी उसळले, "म्हणजे तुमचं गणित खड्ड्यात गेलं!"

"गेलं होतंच, गुरुजी," बाई शांतपणे म्हणाल्या. "गेल्या वर्षी ही मुलं तुमच्याकडे होती. आज त्यांनीच तो खड्डा भरून काढला."

साहेब खो खो हसले. गुरुजींना ते हसणं झोंबलंच. पण तीस वर्षं घोकून घेतलेलं उणे आज आपल्यालाही पहिल्यांदाच कळलं, हे त्याहून जास्त झोंबलं.