बोटभर शेंदूर

“दिवा विझला त्यात माझा काय दोष, अप्पा? माती तुमची, पाट्याही तुम्हीच भाजलेल्या. मग माझी दीक्षा का अडवता?”

सिद्राम हे भर सकाळी, मठाच्या ओट्यावर, पंचवीस माणसांदेखत बोलून बसला. दीक्षेसाठी हार घेऊन आलेल्या मंडळींचे हार हातातच राहिले. अप्पांना असं तोंडावर कुणी बोललेलं त्या माळाने कधी ऐकलं नव्हतं.

इराप्पा अप्पा जन्माने कुंभार. मठाची गादी मिळाली, तरी त्यांनी चाक काही सोडलं नाही. सिद्राम शहरातून डिप्लोमा घेऊन आलेला. हुशारीत कमी नाही, आणि ते त्याला पुरेपूर ठाऊक.

दिव्याची युक्ती त्याचीच. पाण्याच्या कुंडीत एकवीस भाजक्या पाट्या उभ्या केलेल्या. माती खालून पाणी ओढते, माळावरचा वारा वरच्या टोकाचं पाणी उडवून नेतो, की मागून आणखी पाणी चढतं. त्या चढण्यातून चिमूट चिमूट वीज निघते. एकवीस पाट्या तारांनी जोडल्या, तेव्हा कुठे हरभऱ्याएवढा दिवा लागला. उजेड किरकोळ म्हणा हवं तर, पण तेल नको, वात नको, बिल तर नकोच नको!

अप्पा तेव्हा म्हणाले होते, “वर्षभर जळता ठेव. मग दीक्षा.”

ते वर्ष आज भरलं. आणि आजच पहाटे दिवा काळाठिक्कर.

अप्पा कुंडीजवळ जाऊन बसले.

“पाणी?”

“काठोकाठ आहे.”

“वारा?”

“डोक्यावर टोपी ठरत नाही.”

“तारा?”

“कालच तपासल्या.”

“आणि पूजा?”

सिद्रामची छाती फुगली. “एक दिवस चुकवली नाही, अप्पा. पाटीपाटीला तेल आणि बोटभर शेंदूर. अवसेला दुप्पट.”

“मंद कधी झाला रं हा?”

“दिवाळीपासून जरा जरा…”

“मग काय केलंस?”

“पूजा वाढवली.”



अप्पांनी कुंडीत बोट बुडवलं आणि एक थेंब पाटीवर सोडला. अळूच्या पानावरून घरंगळावा तसा तो शेंदरावरून घरंगळला आणि खाली पडला.

सगळ्यांनी पाहिलं. सिद्रामनेही पाहिलं. वर्षभर ज्या हातांनी दिवा राखला, त्याच हातांनी तेल-शेंदराने मातीची छिद्रं रोज थोडी थोडी बुजवत आणली होती.

“तारा सोड,” अप्पा म्हणाले. “पाट्या उन्हात मांड.”

आता खरवडतील, धुतील, असं सिद्रामला वाटलं. दुपारी अप्पा आले ते थेट मागच्या आवाराकडे वळले. तिथे मडकी भाजायचा आवा रचून तयार होता. अप्पांनी एकेक पाटी उचलली आणि मडक्यांच्या मध्ये, गोवऱ्यांवर आडवी घातली.

“अगं बया!” गौराक्का किंचाळली. ती रोज या पाट्यांना हात जोडून मगच घरी जेवायची. “देव जाळतोय म्हातारा! अरे, धरा कुणीतरी!”

धरायला कुणी पुढे झालं नाही.

अप्पांनी पेटतं चिपाड सिद्रामच्या हातात दिलं.

“लाव.”

“अप्पा… माझं वर्ष आहे यात.”

“दिसलं सकाळीच. लाव.”

सिद्रामने डोळे मिटले आणि चिपाड आत खुपसलं.

तेल पेटलं. काळा धूर मठाच्या कळसापर्यंत चढला. कुणी कानावर हात ठेवले, कुणी नुसतंच ‘शिव शिव’ म्हटलं. सिद्राम मात्र तिथेच बसला, आणि दोन दिवस तिथून हलला नाही.

तिसऱ्या दिवशी आवा निवला. पाट्या निघाल्या त्या डागाळलेल्या, रूप गेलेल्या. सिद्रामने भीत भीत एकीवर थेंब सोडला.

पाटीने तो गपकन पिऊन टाकला.

कुंडीत पाट्या उभ्या राहिल्या, तारा जोडल्या गेल्या. माळावरून वारा सुटला होता. घटका गेली, दोन घटका गेल्या… आणि हरभऱ्याएवढा दिवा लागला.

गौराक्काचा हात आपसूक कुंकवाच्या करंड्याकडे गेला. अप्पांनी नुसतं वळून पाहिलं. तिने करंडा मुकाट्याने पदरात लपवला.

सिद्राम अप्पांसमोर गुडघ्यांवर बसला. “माती खोटी नव्हती, अप्पा. मागायला तोंड नाही मला. तरी मागतो.”

त्याने कपाळ पुढे केलं. दीक्षेला गुरूने विभूतीचे पट्टे ओढायचे, ही त्या मठाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. विभूतीचा बटवा कुणीतरी अप्पांपुढे धरला.

अप्पांनी तो बाजूला सारला. कुंडीत अंगठा बुडवला आणि सिद्रामच्या कपाळावर टेकवला.

नुसतं पाणी!

सिद्रामच्या कपाळावर वारा लागला. तेवढाच ठिपका थंडगार झाला, आणि बघता बघता आटू लागला.

“अप्पा, हे तर आत्ता उडून जाईल,” तो कसाबसा म्हणाला. “मग माझ्यापाशी उरलं काय?”

“काही उरलंच,” अप्पा म्हणाले, “तर परत ये. आवा आहेच.”