जुन्या कॉम्प्युटरला जुनाच प्रोसेसर

साळगडच्या राजेसाहेबांच्या कॉम्प्युटरवर चित्र उघडायला घेतलं, की ते वरून एकेक पट्टी करत खाली उतरायचं. आधी मुकुट दिसायचा, बऱ्याच वेळाने मिशा, आणि घोडा दिसायच्या आत मशीन गप्प व्हायचं.

राजवाड्याच्या मागच्या दालनात गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा कारखाना होता. बायका मूळ चित्रं रंगवायच्या आणि वैजयंता चितारी ती कॉम्प्युटरवर घेऊन छपाईसाठी तयार करायची. दिल्लीच्या एका प्रदर्शनाने भरपूर पत्ते मागवले होते. चित्रं सोमवारी छापखान्यात पोचायला हवी होती आणि इथे घोडाच उमटत नव्हता.

"नवा कॉम्प्युटर घ्या," कारभारी आजगावकर म्हणाले, "नाहीतर हे काम शहरातल्या कंपनीला देऊन टाका."

"नवा येणार नाही," राजेसाहेब म्हणाले. "हा राणीसाहेबांनी स्वतः पसंत करून आणलाय. त्या गेल्या म्हणून त्यांच्या वस्तूच्या जागी कालचं पोर आणून बसवू? द्या काम शहरात."

राज्य केव्हाच विलीन झालं होतं, पण हुकूम सोडायची सवय विलीन झाली नव्हती. कारखान्यातल्या बायकांचे ब्रश हातातच राहिले. काम शहरात गेलं की दालनाला कुलूप लागणार, हे सगळ्यांनाच कळत होतं.

वैजयंता पुढे झाली. "राजेसाहेब, नवा कॉम्प्युटर नको. यातला फक्त प्रोसेसर बदलू. हिशेब करणारं डोकं तेवढं बदलायचं, बाकी सगळं हेच."

"कोण बदलणार?"

"मी."

राजेसाहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. नाही म्हणायचं त्यांच्या जिभेवर होतं, पण अट घालणं त्यांना त्याहून आवडायचं.

"बदल. पण जे काही आत घालशील, ते या कॉम्प्युटरपेक्षा एका वर्षानेही लहान असता कामा नये. आणि चालायला मात्र दुप्पट चपळ हवं. शुक्रवारी सकाळी माझ्यासमोर."

कारभाऱ्यांना हसू आवरेना. "म्हणजे म्हातारा काढून म्हातारा घालायचा, आणि तो पळाला पाहिजे!"

वैजयंताने कॉम्प्युटरची बाजू उघडून आतल्या बोर्डावरचं नाव लिहून घेतलं आणि तालुक्याच्या गावी बेंतू फर्नांडिसच्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. बेंतूने सगळं ऐकून घेतलं आणि गालातल्या गालात हसला.

"राणीसाहेबांनी त्या वर्षीचा सगळ्यात साधा प्रोसेसर घेतला होता," तो म्हणाला. "तो बनवणाऱ्या कंपनीने त्याच वर्षी, त्याच बोर्डात बसणारे दांडगे प्रोसेसरही काढले होते. तेव्हा ते परवडायचे नाहीत. आता फुकट दिले तरी कोणी नेत नाही."

एका फोटोग्राफरच्या भंगारात काढलेल्या मशीनमधून त्याने तसल्याच प्रोसेसरची चौकोनी चिप काढली. वैजयंताने ती उजेडात धरली, तिच्यावरचं बारीक वर्ष वाचलं आणि लगेच मोबाईलवर फोटो काढून ठेवला.

शुक्रवारी राजेसाहेब खुर्ची ओढून समोरच बसले. वैजयंताने वीज बंद केली, वायर काढली आणि अंगातली वीज उतरावी म्हणून कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला. पंखा सोडवला. त्याच्याखालचा, उष्णता ओढून घेणारा लेप वाळून मातीसारखा झाला होता. तो तिने स्पिरिटने पुसला. मग पकडून ठेवणारी बारीक दांडी उचलून राणीसाहेबांचा प्रोसेसर अलगद बाहेर काढला आणि बेंतूचा प्रोसेसर कोपऱ्यावरची सोनेरी खूण जुळवून ठेवला. दाबला नाही. तो आपणहून बसला. दांडी खाली, वर मुगाएवढा नवा लेप, त्यावर पंखा.

तिने बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला.

कारभारी खाकरले. वैजयंताने पुन्हा वीज काढली आणि एकेक जोडणी बोटाने चाचपत गेली. पंखा सोडवताना हात शिरावा म्हणून तिने एक छोटी वायर बाजूला केली होती. प्रोसेसरला वीज देणारी तीच वायर लोंबत होती. तिने ती घट्ट बसवली आणि पुन्हा बटण दाबलं.

पडदा उजळला. तिने चित्र उघडलं. मुकुट, मिशा, घोडा आणि घोड्याची शेपटीसुद्धा, सगळं एकदमच समोर आलं. राजेसाहेब अजून चष्मा नाकावर बसवत होते.

"चपळ आहे," ते म्हणाले. "वय दाखव."

तिने मोबाईलवरचा फोटो दाखवला. वर्ष तेच होतं. कारभाऱ्यांनीही वाकून खात्री केली.

पण राजेसाहेब इतक्या सहजी हरणारे नव्हते. त्यांनी टेबलावर काढून ठेवलेल्या प्रोसेसरकडे बोट दाखवलं. "राणीसाहेबांनी आणलेलं डोकं तर हे इथे पडलंय. मग आता हा कॉम्प्युटर त्यांचा कसा राहिला?"

वैजयंताने हात पुसले.

"राजेसाहेब, साळगडच्या गादीवर आधी आपले वडील बसायचे. ते गेले, आपण बसलात. गादी साळगडचीच राहिली ना?"

"राहिली."

"मग तसंच हे. आधीचा जास्त चपळ होता की नंतरचा, ते मात्र कॉम्प्युटरपुरतंच सांगेन. गादीचं मला विचारू नका."

कारभाऱ्यांनी डोळे मिटून घेतले. राजेसाहेब असे हसले की चष्मा मांडीवर पडला. "हे ऐकायला वडील हवे होते," ते डोळे पुसत म्हणाले. "त्यांनी तुला वाड्याबाहेर काढलं असतं. मी ठेवून घेतो. आजपासून हा कारखाना तू चालवायचा. आणखी काय हवं, माग."

"दालनाची किल्ली द्या," वैजयंता म्हणाली. "कारभारीसाहेबांची अंघोळ होईपर्यंत आम्ही रोज पायऱ्यांवर बसून असतो."

राजेसाहेबांनी हात पुढे केला. आजगावकरांनी कमरेच्या जुडग्यातून किल्ली सोडवली, त्यांच्या तळहातावर ठेवली आणि हळूच वैजयंताच्या कानाशी येऊन विचारलं, "आमच्या घरचाही कॉम्प्युटर जरा हळू चालतो. कधी येशील?"