किल्ली महिपतीच्या खिशात

एका गावात एक भोळा फरसाणवाला होता. नाव महिपती. बायको गोदा घरी शेव-चिवडा करायची आणि महिपती तो जुन्या पिवळ्या स्कूटरवरून गावोगाव विकायचा. जत्रा तोंडावर आली होती. वर्षाची खरी कमाई तिथलीच. चिवड्याचे डबे शिगोशीग भरून तयार होते.

आणि नेमकी तेव्हाच स्कूटर चोरीला गेली. भर बाजारात, महिपतीच्या डोळ्यांदेखत. एक माणूस आला, त्याने स्कूटर स्टँडवरून काढली आणि ढकलत घेऊन गेला. महिपती बघत राहिला.

"बघत राहिलात?" गोदा किंचाळली.

"अगं, किल्ली माझ्या खिशात होती. किल्लीशिवाय नेऊन नेऊन नेणार कुठं?"

गोदाने कपाळावर हात मारला. "अहो, कुणी गाडीशी खटपट करताना दिसला की 'चोर, चोर' म्हणून ओरडायचं! गाव गोळा करायचं!"

"हे आधी सांगायचं. आता ओरडतो."

दुसऱ्या दिवशी बातमी ऐकून गोदाचे वडील मोटारसायकलवरून आले. जावयाला धीर दिला, चहा घेतला, निघाले. मोटारसायकल चालू होईना. म्हातारा किक मारतोय, मारतोय, घामाघूम झालाय. महिपतीने ओट्यावरून पाहिलं आणि बोंब ठोकली, "चोर! चोर!"

गाव धावलं. हात साफ करायला मिळतोय म्हटल्यावर चौकशी कोण करतो?

"अरे, मी याचा सासरा आहे!"

"चोर असंच सांगतात," कुणीतरी म्हणालं आणि आणखी एक ठेवून दिली.

हळद लावता लावता गोदा रडकुंडीला आली. "अहो, माणसाची गाडी चालू होत नसेल तर ओरडायचं नाही. मागून धक्का द्यायचा!"

"हे आधी सांगायचं. आता धक्का देतो."

मग गोदाने त्याला स्कूटरचे कागद आणि किल्ली देऊन पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला पिटाळलं. ठाण्यासमोर उतारावर जीप उभी होती. ड्रायव्हर आत घोरत होता. जीप काही चालू नाही, हे महिपतीच्या लगेच लक्षात आलं. चाकाखाली दगड होता. त्याने आधी दगड काढला, मग धक्का दिला.

जीप सरळ खालच्या चहाच्या टपरीत शिरली. हवालदार ढेकळे तिथेच भजी खात होते. ठाण्यात तक्रार घ्यायला कधी कुणी का नसतं, ते त्या दिवशी गावाला कळलं.

"अरे शहाण्या," चटणी पुसत ढेकळे गरजले, "धक्का देण्याआधी विचारायचं असतं! 'साहेब, देऊ का धक्का?' समोरचा हो म्हणाला तरच हात लावायचा!"

"हे आधी सांगायचं. आता विचारतो. पण माझी तक्रार? स्कूटर चोरीला गेलीय."

"साहेब बंदोबस्तावर आहेत. जत्रा उरकली की ये."

"जत्रेसाठीच तर स्कूटर पाहिजे, साहेब."

"मला कायदा शिकवतोस? आणि ते कागद गाडीसोबत ठेवायचे असतात, हातात मिरवायचे नसतात! बिनकागदाची गाडी माझ्या हद्दीत दिसली, तर चालवणाऱ्याला आत टाकीन!"

"बाप रे," महिपती म्हणाला आणि घराकडे निघाला.

ओढ्याजवळच्या चढावर त्याला एक पिवळी स्कूटर दिसली. डिकीवर रंगवलेलं होतं, 'गोदा फरसाण'. बाजारातलाच तो माणूस तारा जोडून किक मारत होता. स्कूटर नुसती खोकत होती.

महिपती ओरडला नाही. जवळ गेला, हात जोडले. "साहेब, देऊ का धक्का?"

"देवासारखे भेटलात हो!" चोर म्हणाला.

"किल्लीशिवाय कशी चालू होईल? ही घ्या. कागद आहेत जवळ?"

"नाही ना."

"मग ढेकळे तुम्हाला आत टाकतील. हे ठेवा." महिपतीने कागद त्याच्या खिशात नीट सारले आणि जीव खाऊन धक्का दिला. स्कूटर भुर्रकन निघाली. चोराने वळून हातसुद्धा केला.

महिपती उड्या मारत घरी आला. "गोदा! स्कूटर सापडली!"

गोदा हातातला झारा टाकून धावली. "खरंच? पावलीस गं आई! कुठाय?"

"किल्ली लागली, कागद जागेवर गेले, एका धक्क्यात चालू झाली!"

"अहो, पण आहे कुठं?"

महिपतीने कपाळावर हात मारला. "चालू झाली म्हणतोय ना! चालू झालेली गाडी एका जागी उभी राहते होय?"